साखळीहून खारघर किती लांब?

गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला वर्षाला 4 लाखांपर्यंत संरक्षण आहे. रक्ताच्या कर्करोगावरच्या कार-टी उपचाराचा खर्च, उपचार देशी असला तरी, सुमारे 40 लाख. गोव्यातल्या साखळीच्या एखाद्या घरात अशा उपचारांची तुलना याच दोन आकड्यांपासून सुरू होणार.

कार-टीत रुग्णाच्या रक्तातल्या टी पेशी वेगळ्या काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांत नवे जनुक घालतात, प्रयोगशाळेत वाढवतात आणि थोडी केमो देऊन पुन्हा शिरेवाटे सोडतात. आता या टी पेशी बी पेशींवरची सीडी19 ही खूण ओळखून हल्ला करतात. अमेरिकेत 2017 साली मान्यता मिळालेली किमराया आणि येस्कार्टा ही दोन्ही कार-टी याच खुणेवर चालतात. येस्कार्टातला सीडी28 हा भाग पेशींना झपाट्याने चेतवतो. किमरायातला 4-1बीबी सावकाश, पण त्या पेशी जास्त टिकतात.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या नेक्सकार19 या देशी कार-टीला ऑक्टोबर 2023 मध्ये भारतात मान्यता मिळाली. 2025 साली ‘लॅन्सेट हेमॅटॉलॉजी’त आलेल्या चाचण्यांत सुमारे 73 टक्के रुग्णांना गुण आला. हा आकडा अमेरिकी उपचारांच्या चाचण्यांतल्या आकड्यांशेजारी ठेवायचा मोह होतो, पण दोन्हीकडचे रुग्ण वेगळे, त्यांचा आजार किती बळावला होता तेही वेगळे. किमतीची तुलना मात्र सरळ आहे: किमराया बाजारात आले तेव्हा त्याची किंमत 4 लाख 75 हजार डॉलर होती, रुग्णालयाचा खर्च वेगळाच.

पेशी सोडल्यावर सणसणीत ताप येऊ शकतो, रक्तदाब घसरतो, कधी बोलणे अडखळते. टोसिलिझुमॅब हे औषध हाताशी लागते, म्हणून काही आठवडे रुग्णालयाच्या जवळच राहावे लागते. गोव्यातून टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेक या केंद्राला गेलेल्या कुटुंबाचे तिथले खोलीभाडे आणि बुडालेला रोजगार उपचाराच्या किमतीत कुठेच दिसत नाहीत.

टी पेशींऐवजी नाळेच्या रक्तातल्या एनके पेशींत असाच बदल करण्याचा मार्ग सोपा वाटतो. त्या दात्याच्या, त्यामुळे आधीच तयार ठेवता येतात. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये 11 पैकी 8 रुग्णांना गुण आला आणि तापाचे ते वादळ उठले नाही, असे 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. अकरा रुग्णांवरून फार पुढचे बोलू नये.

घरात मायलोमा या रक्ताच्या वेगळ्या कर्करोगाचा रुग्ण असेल, तर सीडी19ची ही तुलना बाजूला ठेवावी. त्या आजारात खूण बीसीएमएची. अबेक्मा आणि कार्विक्टी ही कार-टी तिच्यावर नेम धरतात.