बादली लायब्ररीत, पाणी भलतीकडे

शाळेचा केअरटेकर शिडी दाखवताना म्हणाला, "बादली लायब्ररीत ठेवलीय. तिच्या बरोब्बर वर बघा." मी मान डोलावली. न्यू जर्सीत छपरं तपासण्यात माझी अठरा वर्षं गेली, पण बादलीच्या बरोब्बर वर भोक सापडल्याचं क्वचितच आठवतं.

इथल्या शाळा, गोदामं, दुकानं यांची छपरं सपाट असली तरी ती आमच्या डोंबिवलीची गच्ची नव्हे. तिथे कुणी पापड वाळत घालत नाही. खाली पन्हळीचा पोलादी पत्रा, त्यावर थंडी अडवणारं दोन-तीन इंच जाडीचं इन्सुलेशन, मग डांबरात बसवलेले फेल्टचे थर आणि सगळ्यात वर खडी. फेल्टला चीर गेली की पाणी आधी इन्सुलेशन पिऊन घेतं. त्याचं पोट भरलं की उरलेलं पत्र्याच्या पन्हळीतून वाहत जातं आणि सांधा सापडेल तिथे ठिबकतं. वरून बघाल तर खडी कोरडी ठणठणीत.

सगळं छप्पर उपटायचं की ओला तुकडा तेवढाच काढायचा, हे ठरवायला मी एक पेटी घेऊन जाते. तिच्यात अमेरिशियम आणि बेरिलियम एकत्र बंद केलेले असतात. अमेरिशियममधून अल्फा कण निघतात, ते बेरिलियमवर आपटतात आणि न्यूट्रॉन बाहेर पडतात. चॅडविकने 1932 मध्ये न्यूट्रॉन शोधला तोही बेरिलियमवर अल्फा कण सोडूनच. फक्त त्याच्याकडे अमेरिशियमऐवजी पोलोनियम होतं.

हे न्यूट्रॉन फार वेगाने छपरात घुसतात. आता लहानपणच्या गोट्या आठवा. गोटी दगडावर मारली तर जवळपास त्याच वेगाने परत येते. तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या गोटीवर नेमकी बसली तर जागच्या जागी थबकते. न्यूट्रॉनच्या तोडीचं वजन फक्त हायड्रोजनच्या अणुकेंद्राचं. हायड्रोजनशी साधारण 18 टकरी झाल्या की न्यूट्रॉन पार मंदावतो, कार्बनशी मात्र शंभराहून जास्त लागतात. पाण्यात हायड्रोजन भरपूर. पेटीतला डिटेक्टर परत आलेले मंद न्यूट्रॉनच तेवढे मोजतो. आकडा चढला की खाली हायड्रोजन जास्त.

पाणी जास्त, असं मी म्हटलेलं नाही. डांबरातही हायड्रोजन असतो. नवखी असताना एका गोदामावर मी नुसत्या आकड्यांवर विसंबून मोठा पट्टा ओला ठरवला. कामगारांनी तो उपटला, तर खाली इन्सुलेशन कोरडं आणि फेल्टमध्ये डांबराचा बोटभर जाड थर साचलेला. मालकाने मला जे सुनावलं ते इथे छापण्याजोगं नाही. तेव्हापासून कोरड्या, मधल्या आणि चढ्या आकड्याच्या जागी नळकांड्याने छपराचा नमुना कापून घेतल्याशिवाय मी अहवालावर सही करत नाही. नमुना वजन करायचा, भट्टीत वाळवायचा, पुन्हा वजन करायचं. आकड्याला अर्थ येतो तो तिथे.

शाळेचं छप्पर 100 फूट गुणिले 150 फूट होतं. दर दहा फुटांवर खडूची खूण केली, एकूण 176 खुणा. प्रत्येक खुणेवर पेटी ठेवायची, बटण दाबायचं, चार पावलं मागे सरायचं आणि पंधरा सेकंद थांबायचं. नुसतं थांबणंच 44 मिनिटांचं. सूर्यास्तानंतर इन्फ्रारेड कॅमेऱ्यानेही ओल दिसते, कारण भिजलेलं इन्सुलेशन दिवसाची ऊब जास्त वेळ धरून ठेवतं. पण जाड खडीखालची ऊब नीट दिसत नाही, आणि रात्री शिडी चढायचा माझा उत्साहही आता ओसरलाय.

पेटीवरचं किरणोत्साराचं चिन्ह बघून केअरटेकर दाराशीच थबकला होता. घाबरण्यात त्याचं काही चुकलं नाही. घरातल्या धुराच्या अलार्ममध्येही बऱ्याचदा अमेरिशियमच असतं, पण जेमतेम एक मायक्रोक्युरी. माझ्या पेटीत 40 मिलिक्युरी, म्हणजे चाळीस हजार पट. शिवाय त्याचं अर्धायुष्य 432 वर्षांचं. शिवाजी महाराज जन्मले त्या 1630 साली कुणी हा स्रोत बनवला असता, तरी आज त्याचं निम्मं बळ संपलेलं नसतं. म्हणून नजरेआड ठेवायची तर पेटीला दोन स्वतंत्र बंदोबस्त लागतात: पेटी गाडीच्या कुलूपबंद डिकीत, आणि तिथेही पुन्हा गाडीला साखळीने जखडलेली. माझ्या छातीवर बॅज असतो, तो मला किती मात्रा मिळाली याची नोंद ठेवतो. कायद्याने मला वर्षाला 50 मिलिसिव्हर्टपर्यंत मुभा आहे. माझा आकडा त्याच्या आसपासही फिरकत नाही.

डोंबिवलीचा भाऊ दर पावसाळ्यात म्हणतो, "ताई, ती पेटी घेऊन ये ना." अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याचं बाजूलाच राहू द्या, आपल्या स्लॅबवर ती फारशी उपयोगाची नाही. काँक्रीटने स्वतःतच पाणी बांधून ठेवलेलं असतं. गच्चीचा पाइप बुजव, वर पाणी साचव आणि खाली जाऊन छताकडे बघत बस, असं मी त्याला सांगते.

शाळेवर दोन ठिकाणी आकडे चढले. पहिली जागा कापली तर कोरडी. जुन्या डागडुजीत फेल्ट दुहेरी घातलेलं. दुसरी जागा लायब्ररीपासून चाळीस फुटांवर, एसीच्या चौथऱ्याशी. तिथला तुकडा वर ओढला तर बुडवलेल्या पावासारखा निथळत आला. केअरटेकरने बोट लावून पाहिलं.

"मग आता बादली काढू?"

"राहू द्या," मी म्हटलं. "चीर बुजवली तरी आत प्यालेलं पाणी बरेच दिवस ठिबकत राहील."