रिपोर्ट ई-मेलने पाठवताना

रक्ततपासणीचा रिपोर्ट, सोनोग्राफीचे फोटो, मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी; हे सगळे आता ई-मेलने येते-जाते. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरचे जुनेच कर्तव्य. एचआयव्हीबाबत तर २०१७ च्या कायद्यानेही ते बंधनकारक केले आहे. अशी माहिती फुटली, तर नोकरी जाते, ठरलेले लग्न मोडते. म्हणूनच ‘सुरक्षित ई-मेल कोणता?’ या प्रश्नाला केवळ नाव सांगून उत्तर देता येत नाही. वेष्टनावरचा दावा वाचून कोणी औषध लिहून देत नाही. इथेही आधी निकष हवेत.

पहिला निकष किल्लीचा. नेहमीच्या सेवांमध्ये मेल वाटेत कुलूपबंद असतो, पण सर्व्हरवर पोहोचल्यावर कंपनी तो उघडू शकते. ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’मध्ये मजकुराची किल्ली फक्त पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे असते.

दुसरा पडताळणीचा. सॉफ्टवेअरचा कोड तपासण्यासाठी खुला आहे का? बाहेरच्या तज्ज्ञांनी तो तपासून अहवाल प्रसिद्ध केला आहे का?

तिसरा पैशाचा. सेवा वर्गणीवर चालते की जाहिरातींवर?

चौथा कायद्याचा. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन मेलला २०२१ मध्ये तिथल्या कायदेशीर आदेशानुसार एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला. मजकुराची किल्ली मात्र कंपनीकडे नव्हतीच. म्हणजे पत्रातले झाकले गेले, तरी पत्र कुठून आले हे कळू शकते.

या निकषांना उतरलेल्या सेवेलाही मर्यादा असतात. समोरच्याचे खाते साध्या सेवेचे असेल, तर हे संरक्षण आपोआप मिळत नाही; मेलला वेगळा पासवर्ड लावावा लागतो. काही सेवांमध्ये मेलचा विषय उघडाच राहतो. आणि पासवर्ड विसरला, खाते परत मिळवण्याची सोयही आधी करून ठेवली नसेल, तर जुने रिपोर्ट कायमचे बंद होतात.

तेव्हा रिपोर्ट पाठवताना विषयाच्या जागी आजाराचे नाव लिहू नये. पीडीएफला पासवर्ड लावावा आणि तो फोनवरून सांगावा. खात्याला दुहेरी पडताळणी ठेवावी. घरातल्या सगळ्यांच्या हाती असलेल्या फोनवर ते खाते उघडे ठेवू नये. पत्ता पाठवण्यापूर्वी पुन्हा वाचावा; चुकीच्या पत्त्यावर गेलेला रिपोर्ट कोणतीही सेवा वाचवू शकत नाही.