फॉर्मॅलिनमधली मुशी

एरंडोलच्या अंजनीकाठाहून समुद्र सरळ रेषेतही अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे. तरी खानदेशात प्राणिशास्त्र घेतलेल्या पिढ्यांनी समुद्रातला एक जीव आतून-बाहेरून पाहिला: स्कॉलिओडॉन, कोळणींच्या पाटीतली साधी मुशी, म्हणजे लहान शार्क. फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरत असताना तिच्या कवटीतले मज्जातंतू अखंड सोडवून दाखवायचे, मग मार्क. या मुशीचं मला जुनं वेड आहे.

वर्गात तिला पक्की जागा मिळवून दिली ती कुठल्या बंदरानं नव्हे, लखनौनं. विलायती पुस्तकांतला डॉगफिश इथल्या मुलांच्या काय कामाचा? म्हणून कर्म नारायण बहल यांनी भारतीय प्राण्यांवरच्या पुस्तकांची मालिका काढली. पहिलं त्यांचं स्वतःचं, गांडुळावर. दुसरं, १९२८चं, मुशीवर, लेखिका इ. एम. थिलयंपलम, लखनौच्याच इसाबेला थोबर्न कॉलेजातल्या प्राध्यापिका. ज्यांच्या पुस्तकावर इतकी प्रात्यक्षिकं निघाली, त्यांचं नाव किती परीक्षार्थींना आठवेल?

पोटातली गोष्ट मुंबईनं सांगितली. मत्स्यखात्यातल्या एस. बी. सेटना आणि पी. एन. सारंगधर यांनी चाळिसाच्या दशकात मुशीच्या वाढीवर शोधनिबंध लिहिला. मुशीचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, शार्कांमध्ये सगळ्यांत लहान, बलक नावालाच. पिल्लाचं पोषण आईकडून, वारेवाटे. माणसासारखीच सोय, पण माशात! सरकारी नोकरी सांभाळून केलेलं हे काम मला कित्येक पीएचड्यांहून मोलाचं वाटतं.

२०१४मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं विच्छेदन थांबवायला सांगितलं. मुशी आज संकटाच्या उंबरठ्यावरच्या जातींच्या यादीत आहे, तेव्हा ते बरंच झालं. पण फॉर्मॅलिनची बरणी गेली आणि बदल्यात खानदेशातल्या मुलाला किनाऱ्यावरचा एखादा महिना कुणी देऊ केला नाही, हे मला खटकतं.

आणि समुद्राचा अभ्यास करू पाहणाऱ्या या मुलाची खरी अडचण अंतराची नाहीच. मत्स्यशास्त्राची पदवी देणारी सरकारी महाविद्यालयं महाराष्ट्रात आहेत. शिरगाव-रत्नागिरीचं १९८१चं, ते समुद्राशेजारी. बाकीची नागपूर-उदगीरसारख्या ठिकाणी, समुद्रापासून दूर! वाट फुटते ती बारावीनंतर. तेव्हा चार वर्षांचं बी.एफ.एससी. घेतलं, तर पुढे वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत एम.एफ.एससी.चा रस्ता सरळ. साधी बी.एस्सी. केली, तर तिथल्या बहुतेक शाखांची दारं बंद. मग कोची, परंगीपेट्टै किंवा गोवा विद्यापीठ गाठून सागरविज्ञानात एम.एस्सी., नेट, आणि दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत संशोधन. दोन्ही वाटा चांगल्या. पहिली मासेमारी आणि मत्स्यपालनाकडे वळते, दुसरी प्रवाळ, प्लवक, खोल तळ यांच्याकडे. मात्र हा फरक तालुक्याच्या गावी कळतो तो बहुधा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, वर्सोव्याचा प्रवेश-अर्ज भरताना पात्रतेचा रकाना समोर येतो तेव्हा.