कचेरीवाचून हजेरी

रत्नागिरीच्या भगवती किल्ल्यावरील दीपगृहासमोरून जी अजस्र जहाजे क्षितिजालगत जयगडच्या किंवा मुंबईच्या रोखाने जातात, त्यांच्यामध्ये अहोरात्र एक संभाषण चालू असते. ‘एआयएस’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या यंत्राद्वारे प्रत्येक जहाज आपला नऊ अंकी क्रमांक (भारतीय जहाज असल्यास तो 419 ने सुरू होतो), आपले स्थान, वेग आणि दिशा रेडिओलहरींवरून पुकारीत असते, आणि आसपासचे प्रत्येक जहाज तो पुकारा ऐकून आपल्या नकाशावर टिपून घेत असते. या व्यवहारावर कोणी अंमलदार नाही की त्याचे मध्यवर्ती दफ्तर नाही. देशाच्या किनाऱ्यावरील 70 हून अधिक दीपगृहांत हा पुकारा ऐकणारी यंत्रे सरकारने बसविली आहेत खरी. परंतु ती सारी उद्या बंद पडली, तरी जहाजे एकमेकांस ऐकतच राहतील. विकेंद्रित जाळे म्हणतात ते हेच. आणि अशा जाळ्याची प्रकृती कोणी व कशी तपासावी, हा जो प्रश्न आज संगणकशास्त्रज्ञांना पडलेला आहे, त्याचे एक उत्तर आपल्या दारच्या समुद्रावर रोज दिले जात आहे.

त्यातील योजना विलक्षण आहे. प्रत्येक मिनिटाचे 2250 भाग पाडलेले असतात. नव्याने चालू झालेले यंत्र प्रथम एक मिनिट गप्प राहून कोणते भाग कोणी घेतले आहेत हे ऐकते, मोकळा भाग पाहून त्यात आपला पुकारा घालते आणि पुढल्या पुकाऱ्याची जागाही त्याच वेळी राखून ठेवते. मात्र ही जागा काही मिनिटांच्या मुदतीचीच असते, मुदत सरताच नवी शोधावी लागते. गर्दी फारच वाढली, तर सर्वांत दूरच्या जहाजाची जागा वापरली जाते, म्हणजे ज्याच्याशी टक्कर होण्याचे भय अधिक, त्या जवळच्या जहाजाचा आवाज शेवटपर्यंत ऐकू येतो. याहूनही मोलाची गोष्ट ही की, आपल्याला सध्या किती यंत्रे ऐकू येत आहेत, ती संख्याही प्रत्येक मोठे जहाज मधूनमधून जाहीर करीत असते.

हजेरी घेणे सोपे. गैरहजेरीचा अर्थ लावणे कठीण. मध्यम वेगाने चाललेले मोठे जहाज दर 10 सेकंदांनी पुकारते, नांगरलेले दर 3 मिनिटांनी. तेव्हा जी शांतता एकाच्या बाबतीत निरोगीपणाची, तीच दुसऱ्याच्या बाबतीत चिंतेची ठरते. शिवाय या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जात असल्यामुळे मध्ये डोंगराचे नाक आले, अँटेना सैल झाली किंवा बॅटरी उतरली, म्हणजे सुखरूप असलेले जहाजही मुके होते.

संगणकांच्या जाळ्यांतही हीच अडचण आहे. जानेवारी 2009 पासून चालू असलेल्या बिटकॉइनच्या जाळ्यात संगणक आपल्या सोबत्यांना सुमारे दोन मिनिटांनी एक खुणेचा निरोप धाडतो आणि वीस मिनिटे उत्तर न आल्यास संबंध तोडतो. 2002 साली कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी मांडलेली ‘स्विम’ पद्धत मला अधिक समंजस वाटते. उत्तर न देणाऱ्यास तत्काळ मृत न ठरविता ती इतर काही सोबत्यांना त्याची विचारपूस करावयास सांगते, त्यांनाही दाद न मिळाल्यास त्याची संशयितांत नोंद करते, आणि तरीही त्याला आपली कैफियत देण्यास मुदत देते. प्रश्न विचारणाऱ्याचीच वाट खराब असू शकते, हे तिने गृहीत धरले आहे.

परंतु जिवंत असणे आणि विश्वासार्ह असणे या भिन्न गोष्टी आहेत. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर चालून आलेल्या हल्लेखोरांनी ‘कुबेर’ ही पोरबंदरची मच्छीमार नौका बळकावली होती. नौका खरी, हात मात्र परक्यांचे. त्यानंतर 20 मीटरहून लांब नौकांवर एआयएस सक्तीचे झाले, पण या पुकाऱ्यावर कोणाची मोहोर नसते, आणि खोटे स्थान पुकारणारी जहाजेही जगात आढळली आहेत. म्हणून रडारवरील ठिपका, दुर्बिणीतून दिसणारी आकृती आणि यंत्रावरील क्रमांक यांची परस्परांशी खातरजमा करावीच लागते. संगणकांच्या जाळ्यातही एकच इसम हजारो नावे धारण करून एखाद्यास वेढू शकतो. तेथे आपले सोबती निरनिराळ्या मुलखांतून निवडणे हाच बंदोबस्त.

मासळीची जागा इतरांस कळू नये म्हणून यंत्र बंद ठेवण्याची चाल जगभरच्या मच्छीमार नौकांत आहे, आणि तिच्यामागील पोटाची चिंता मी समजू शकतो. तथापि काळोख्या रात्री जाळे टाकून थांबलेली नौका मालवाहू जहाजाच्या पहारेकऱ्यास वेळेवर दिसेलच असे नाही. तेव्हा 1 ऑगस्टला पावसाळी बंदी उठून दर्यावर निघताना, ज्यांच्या नौकेवर हे यंत्र आहे त्या तांडेलांनी ते चालू असल्याची खात्री करावी आणि परत बंदरात येईतो ते बंद करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.