काड्या भरलेल्या, तरी गोल फिरतंच

फर्दापूरच्या टी-पॉइंटवर गाडी लावून एसटीच्या बसने अजिंठ्याच्या लेण्यांकडे निघालं, की त्या चारेक किलोमीटरमध्ये खिशातल्या मोबाइलला बरीच धावपळ असते. पुढे वाघूर नदीचं घोड्याच्या नालेसारखं वळण, त्यावर सुमारे 76 मीटर उंच बसाल्टचा कडा आणि त्या कड्याच्या पोटात लेणी. एवढ्या खडकातून रेडिओलहरी पार होत नाहीत. अॅप कसं लिहिलंय हे पुण्याच्या ऑफिसातल्या वायफायवर कळत नाही, ते अशा घळीत कळतं.

गैरसमज असा, की काड्या दिसतात म्हणजे नेट आहे. काड्या फक्त टॉवरचा सिग्नल किती जोरकस आहे ते सांगतात. टॉवरवर गर्दी झाली, की काड्या भरलेल्या आणि डेटा ठप्प. हॉटेलच्या वायफायला फोन जोडला जातो, पण लॉगिन केल्याशिवाय बाहेर काहीच जात नाही. म्हणून अँड्रॉइड एका सर्व्हरला छोटी विनंती धाडतं आणि 204 हे रिकामं उत्तर आलं तरच जोडणी खरी मानतं. तेही त्या क्षणापुरतं. त्यामुळे 'नेट आहे का?' असं आधी विचारून अडून बसणारं अॅप मला अर्धवटच वाटतं. विनंती पाठवावी, नाही गेली तर थांबावं, रेंज आली की पुन्हा पाठवावी. आयफोनमध्ये तर अशी वाट पाहायची सोय 2017च्या आयओएस 11पासून आहे.

वायफाय सुटून मोबाइल डेटा सुरू झाला, तरी चालू काम आपोआप पुढे जातं, हीही समजूत चुकीची. फोनचा आयपी पत्ता बदलतो आणि जुन्या पत्त्याला बांधलेली टीसीपी पद्धतीची जोडणी तुटते. 2021 साली प्रमाणित झालेल्या क्विक (QUIC) या प्रोटोकॉलमध्ये जोडणीला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे पत्ता बदलला तरी ती टिकू शकते. मात्र अॅप आणि सर्व्हर दोघांनाही क्विक यायला हवं.

सगळ्यात महाग गैरसमज तिकीट खिडकीवर भेटतो: 'टाइमआउट' आलं म्हणजे पैसे गेले नाहीत, पुन्हा दाबा. टाइमआउटचा अर्थ एवढाच, की उत्तर आलं नाही. विनंती वाटेतच हरवली असेल, किंवा पैसे कापले जाऊन फक्त निरोप हरवला असेल. फोनला हा फरक कळूच शकत नाही. चांगलं अॅप प्रत्येक व्यवहाराला आधीच एक क्रमांक देतं आणि पुन्हा पाठवताना तोच वापरतं. तो क्रमांक दुसऱ्यांदा दिसला, की सर्व्हर पैसे कापत नाही, आधीचाच निकाल सांगतो. दर खेपेला नवा क्रमांक काढणारं अॅप एकाच तिकिटाचे दोनदा पैसे घेऊ शकतं.

तेव्हा पुन्हा दाबण्याआधी बँकेचा मेसेज किंवा अॅपमधली व्यवहारांची यादी पाहावी. यूपीआयने विक्रेत्याला दिलेले पैसे खात्यातून कापले गेले आणि त्याच्याकडे खात्री पोचली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019च्या परिपत्रकानुसार व्यवहारानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढच्या उशिरासाठी दिवसाला 100 रुपये भरपाई ठरलेली आहे.