जर्जरता म्हणजे वार्धक्य नव्हे

घरातील वृद्धांची पावले मंदावली, जेवण निम्म्यावर आले, अंगावरचे कपडे ढगळ होऊ लागले, की ‘आता वयच झाले’ असे म्हणून आपण त्या प्रश्नाचा निकाल लावून टाकतो. वैद्यकशास्त्राला हा निकाल मान्य नाही. वार्धक्य अटळ आहे. जर्जरता तशी नाही. ऐंशीचा शेतकरी काठीवाचून बांधावर फिरतो आणि पासष्टीचा निवृत्त कारकून खुर्चीतून उठताना आधार शोधतो, हे आपण पाहतोच.

लिंडा फ्रीड या अमेरिकन संशोधिकेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली जर्जरतेची पाच लक्षणे मांडली. विनाकारण वजन घटणे, सतत थकवा वाटणे, हाताची पकड दुबळी होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे, ही ती लक्षणे होत. पाचांपैकी तीन आढळली तर माणूस जर्जर. एक वा दोन आढळली तर तो जर्जरतेच्या उंबरठ्यावर आहे असे समजावे.

निरोगी शरीराजवळ संकटकाळासाठी काही गंगाजळी शिल्लक असते. जर्जर माणसाची ही गंगाजळी आटलेली असते. म्हणूनच न्हाणीघरात पाय घसरणे किंवा आठवडाभराचा ताप एवढे निमित्तही त्याला अंथरुणास खिळवावयास पुरते. अंथरुणात स्नायू झिजतात, त्यामुळे हालचाल घटते, भूक मंदावते आणि स्नायू आणखी झिजतात. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे दारिद्र्याच्या दुष्टचक्राची आठवण झाल्यावाचून राहात नाही.

हे चक्र भेदता येते. बॉस्टनमधील शंभर जर्जर वृद्धांवरील एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ८७ होते. दहा आठवडे पायांच्या स्नायूंना वजनाचा व्यायाम दिल्यावर त्यांची शक्ती दुपटीहून अधिक झाली व चालही सुधारली. व्यायामावाचून नुसताच पूरक आहार दिला, तेव्हा मात्र जर्जरता कमी झाली नाही. अन्न हवेच, पण त्यास श्रमाची जोड हवी, असाच याचा अर्थ.

आता शासकीय खर्चाची मांडणी पाहा. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील भारतीयांची संख्या दहा कोटींवर होती. २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. ही योजना स्वागतार्ह आहे. परंतु तिचा लाभ रुग्णालयात दाखल झाल्यावरच मिळतो. उलट, गरीब वृद्धांच्या निवृत्तिवेतनात ऐंशी वर्षांखालील व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा महिना अवघा २०० रुपये आहे. महाराष्ट्रात राज्याच्या वाट्यासह ही रक्कम १५०० रुपये होते. तेवढ्यात औषधपाणी भागवून रोज डाळ, दूध वा अंडे कसे परवडावे? यंत्राच्या देखभालीवर काटकसर करावयाची आणि ते मोडल्यावर दुरुस्तीस तिजोरी उघडावयाची, असा हा व्यवहार आहे.

बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न असताना वृद्धांवर खर्च कशासाठी, असे कोणी विचारील. पण अंथरुणास खिळलेल्या वृद्धाची सेवा बहुधा घरातील सून वा मुलगी करते आणि तिची मजुरी बुडते. ती बुडाली की त्याच घरातील मुलाच्या ताटातील घास कमी होतो.

शिवाय प्रारंभीच्या तपासणीस यंत्रसामग्री लागत नाही. चार मीटर चालावयास पाच सेकंदांहून अधिक वेळ लागणे ही सावधगिरीची खूण मानतात. एक घड्याळ, एक वजनकाटा आणि थोडे प्रशिक्षण यांच्या बळावर आशा सेविका हे काम करू शकेल. अर्थात तिच्या मानधनात त्याची योग्य तरतूद व्हावयास हवी. प्राथमिक आरोग्यकेंद्रात आठवड्यातून दोनदा वृद्धांचा व्यायामवर्ग भरविणेही अशक्य नाही.

कुटुंबाचेही कर्तव्य आहे. सर्वांच्या मागून उरलेसुरले खाणाऱ्या आजीच्या ताटात घट्ट वरण पडते की नाही, हे पाहावयास कोणत्याही शासननिर्णयाची गरज नाही. आणि ‘तुम्ही स्वस्थ बसा’ असे प्रेमाने सांगून वृद्धांच्या हातचे प्रत्येक काम काढून घेणे ही त्यांची सेवा नव्हे, हेही आपण ध्यानात घेतले पाहिजे.