राजीनामा, चौकशी, ‘क्लीन चिट’ : खडसे प्रकरणातून काय समजून घ्यावे?

भोकरदनच्या चहाच्या टपरीवर एखाद्या पुढाऱ्याची चौकशी लागली की दोनच निकाल ऐकू येतात : ‘चोर निघाला’ किंवा ‘क्लीन चिट मिळाली’. बहुतेक वेळा दोन्ही घाईचे असतात. शेजारच्या जळगावच्या एकनाथ खडसेंचे प्रकरण पाहू.

खडसे १९९० पासून आमदार, १९९५ च्या युती सरकारात मंत्री, २००९ पासून विरोधी पक्षनेते. २०१४ मध्ये महसूलमंत्री झाले. अल्पसंख्याक विकास व वक्फ खातेही त्यांच्याकडेच होते. एप्रिल २०१६ मध्ये पुण्याजवळ भोसरीतली सुमारे तीन एकर जमीन त्यांच्या पत्नी व जावयाच्या नावे पावणेचार कोटींना घेतली गेली. एमआयडीसीचे म्हणणे, ही जमीन आमची. आरोप असा की मंत्री म्हणून या जमिनीवर बैठक घेतली आणि काही दिवसांतच घरच्यांनी ती विकत घेतली. खडसेंनी आरोप नाकारले, पण ४ जून २०१६ ला राजीनामा दिला.

पुढे काय झाले? निवृत्त न्यायमूर्ती झोटिंग यांची समिती नेमली गेली. अशी समिती सरकारला अहवाल देते, शिक्षा देत नाही. लाचलुचपत विभागाने २०१७ मध्ये गुन्हा नोंदवला आणि २०१८ मध्ये पुरावा नाही म्हणून प्रकरण बंद करण्याचा अहवाल कोर्टात दिला. यालाच लोक क्लीन चिट म्हणाले. पण तो तपास यंत्रणेचा अहवाल असतो, कोर्टाचा निकाल नसतो. २०२० मध्ये खडसे भाजप सोडून राष्ट्रवादीत गेले. २०२१ मध्ये ईडीने जावयाला अटक केली आणि २०२२ मध्ये लाचलुचपत विभागाचा तपास पुन्हा उघडला. पक्ष बदलला तशी चौकशीची चालही बदलली, असे लोक म्हणणारच. म्हणून एकच कसोटी धरावी : कोर्टाने काय ठरवले? अटक म्हणजे दोष नव्हे, फाइल बंद म्हणजे निर्दोष सुटका नव्हे.

आपल्यासाठी सबक साधा आहे. सरकारी जमीन असो की कब्रस्तानची, ती अमानत आहे. तिच्यावर निर्णय घेणाऱ्याच्या घरात तिचा फायदा जाऊ नये, मग तो मंत्री असो वा मुतवल्ली. म्हणून आपल्या मशिदीच्या, दर्ग्याच्या जमिनीचा सातबारा वर्षातून एकदा तरी काढा. इतर हक्काचा रकाना वाचा, नवा फेरफार दिसला तर तलाठ्याला विचारा. हरकत वेळेत आणि लेखी द्या, पोच घ्या. जमीन गेल्यावर चौकशी मागण्यापेक्षा हे केव्हाही सोपे.